हाफ डोम: लॉटरीपासून गुडघ्यापर्यंत

कपडे धुवायच्या मशीनला लागतात म्हणून आमच्याकडे एका बरणीत क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची अमेरिकन नाणी, साठवायची सवय आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या बरणीत २००५ सालचं कॅलिफोर्नियाचं नाणं हाती लागलं. त्यावर दाढीवाले निसर्गलेखक जॉन म्यूर काठी घेऊन उभे, वर काँडोर पक्षी, आणि समोर सुरीने अर्धा कापल्यासारखा एक डोंगर. सॅन होजेला राहणारा माझा भाचा तेव्हा घरी आला होता. म्हणाला, "मावशी, हा हाफ डोम. ह्याच्यावर चालत जाता येतं."

"चालत?"

"हो, म्हणजे शेवटचं थोडं सोडून."

ह्या 'शेवटचं थोडं सोडून'ने पुढची दीड वर्षं खाल्ली. आणि गंमत म्हणजे मला खरा त्रास त्या शेवटच्या थोड्याने दिलाच नाही. पण ते यथावकाश.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे वाचताना 'ही कोणीतरी गिर्यारोहक दिसते' असं वाटायला नको. वय ४९. मूळची वाईची, त्यामुळे कॉलेजात असताना पांडवगड, केंजळगड वगैरे झालेलं. त्यानंतर बावीस वर्षं खुर्ची आणि कीबोर्ड. उजवा गुडघा कुरकुरतो. आणि उंचीची भीती आहे. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली पाहिलं की तळपाय शिवशिवतात, इतपत.

हाफ डोम हा योसेमिटी नॅशनल पार्कातला. व्हॅलीच्या तळापासून जवळपास ५,००० फूट उभा, समुद्रसपाटीपासून ८,८०० च्या वर. जाऊन-येऊन अंतर वाटेप्रमाणे १४ ते १६ मैल, म्हणजे २२ ते २६ किलोमीटर, आणि चढ ४,८०० फुटांचा. एका दिवसात दोन सिंहगड चढून वर थोडं उरतं, असा मी हिशोब केला होता. शेवटचे ४०० फूट कातळ इतका उभा आणि गुळगुळीत आहे की दोन्ही हातांनी लोखंडी केबल धरून स्वतःला वर ओढायचं. ह्या केबल उन्हाळ्यात खांबांवर उभ्या करतात, साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पूर्वी कोणीही जात असे. गर्दी इतकी वाढली की २०१० साली शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांसाठी परमिट सुरू झालं आणि २०११ पासून रोजच. आता दिवसाला ३०० माणसं, त्यातली २२५ एका दिवसात जाऊन येणारी आणि बाकीची पाठीवर तंबू घेऊन मुक्कामाला जाणारी. आणि परमिट लॉटरीने.

लॉटरीचं तंत्र सविस्तर सांगते, कारण ते समजायला आम्हाला एक अख्खं वर्ष लागलं.

मुख्य लॉटरी १ ते ३१ मार्च, रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या सरकारी साइटवर. मार्चमध्ये कधीही अर्ज करा, पहिल्या दिवशी धावायची गरज नाही. एका अर्जात जास्तीत जास्त सहा माणसं आणि पसंतीक्रमाने सात तारखा. अर्जाचे १० डॉलर, ते परत मिळत नाहीत. निकाल एप्रिलच्या मध्यावर ईमेलने. लागली तर माणशी आणखी १० डॉलर. अर्जात एक म्होरक्या आणि एक बदली म्होरक्या, दोघांची नावं द्यावी लागतात. ह्यांपैकी एक जण त्या दिवशी ओळखपत्र घेऊन हजर नसेल तर बाकीच्यांचं परमिट वाया. घरातल्या चौघांनी चार अर्ज करून चौघांतही तीच नावं फिरवून लिहिली, असली हुशारी चालत नाही. सगळेच अर्ज बाद होतात.

मार्च २०२२ मध्ये आम्ही उत्साहाने सहा जणांचा अर्ज केला आणि सातही तारखा शनिवारच्या टाकल्या. एप्रिलमध्ये ईमेल आलं: नाही लागली. आता कळतं की ते होणारच होतं. शनिवार सगळ्यांनाच हवा असतो, आणि सहा जागा एकदम सुटायला हव्यात.

मग दुसरा रस्ता, रोजच्या लॉटरीचा. ज्या दिवशी जायचं त्याच्या दोन दिवस आधी मध्यरात्रीपासून दुपारी चारपर्यंत अर्ज करायचा, संध्याकाळपर्यंत निकाल. त्या उन्हाळ्यात तीनदा भरली. दोनदा हुकली. तिसऱ्यांदा लागली तर मंगळवारची, आणि आमच्यापैकी दोघांना रजा नाही. ज्यांची नोकरी लवचीक आहे, घर जवळ आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता उत्तम. रविवारी कळून मंगळवारी सोळा मैल चालायला निघणं आमच्या घरात तरी जमणारं नव्हतं.

२०२३ ला शहाणे झालो. सहाचे चार केले: मी, नवरा, भाचा आणि मंडळाच्या नाटकांमुळे ओळख झालेली माझी एक मैत्रीण. तारखा सगळ्या मंगळवार ते गुरुवार, आणि सगळ्या सप्टेंबरच्या. सप्टेंबर निवडायला कारण होतं. त्या हिवाळ्यात सिएरा नेवाडात, म्हणजे योसेमिटी ज्या डोंगररांगेत आहे तिथे, असा बर्फ पडला की फेब्रुवारीच्या अखेरीस योसेमिटी जवळपास तीन आठवडे बंद होतं. मी अर्ज भरला २९ मार्चला. पार्क तेव्हा नुकतं कुठे थोडं थोडं उघडत होतं. ह्या वर्षी केबल कधी उभ्या राहतील ह्याचा नेम नव्हता, म्हणून जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकललं. नवरा म्हणाला, "बर्फाखाली असलेल्या डोंगराचं तिकीट काढतेयस."

एप्रिलमध्ये ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये ईमेल आलं. १४ सप्टेंबर, गुरुवार, चार जण. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू होता, त्यामुळे चेहरा सरळ ठेवावा लागला. आनंद झाला हे खरंच, पण त्याच्या पाठोपाठ पोटात गोळा आला तोही खराच. लॉटरी लागत नव्हती तोवर 'आपल्याला जायचंय' म्हणायला काही पडत नव्हतं.

तयारीला पाच महिने होते. फ्रीमाँटचा मिशन पीक आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. उंची २,५२० फूट, स्टॅनफर्ड ॲव्हेन्यूच्या बाजूने गेलं तर जाऊन-येऊन सहा मैल, चढ २,१०० फुटांचा. दर शनिवारी पहाटे तिथे निम्मी भारतीय जनता भेटते. मे महिन्यात एकदा वर जाताना चार वेळा बसले. जुलैत न बसता गेले. ऑगस्टच्या शेवटी एकाच दिवशी दोनदा चढले, कारण त्याशिवाय चढाची बेरीज हाफ डोमच्या जवळ जात नाही. तुम्ही कुठेही राहत असा, जवळची टेकडी धरून तिच्या चढाची बेरीज ४,००० फुटांवर न्या. मैलांकडे फार बघू नका.

एक चूक इथे कबूल करते. गुडघ्यासाठी मी तीनदा फिजिओकडे गेले (दर खेपेला माझ्या खिशातून ४० डॉलर). ती बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती की तुझ्या गुडघ्याला चढाची नाही, उताराची तयारी लागेल. पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली सोडायचा व्यायाम रोज कर. मी आठवडाभर केला आणि सोडला. डोक्यात सगळी केबल होती ना! मी जिममध्ये जाऊन लोंबकळायचा सराव करत होते. हातांना.

राहण्याचं असं. व्हॅलीतल्या जागा वर्षभर आधी भरतात. मी मे महिन्यापासून रोज सकाळी चहाबरोबर बुकिंगची साइट उघडायचे, कोणी रद्द केलंय का बघायला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात करी व्हिलेजमध्ये चार खाटांचा कापडी तंबू दोन रात्रींसाठी मिळाला, रात्रीचे १९० डॉलर. महाग वाटतं, पण बाहेर ग्रोव्हलँडला राहिलो असतो तर पहाटे दोनला उठून घाटातून तासभर गाडी चालवावी लागली असती. एकूण खर्च सांगून टाकते: परमिटचे ५०, पार्कात गाडीचे ३५ (सात दिवस चालतात), तंबूचे ३८०, पेट्रोलचे ८० च्या आसपास. चौघांत वाटून माणशी १४० डॉलरच्या आत. बूट, हेडलॅम्प, पाणी गाळायचं फिल्टर, हातमोजे वेगळे. हातमोज्यांवर पैसे उधळू नका. बागकामाचे, तळव्याला रबर लावलेले, आठ डॉलरचे घेतले, उत्तम चालले.

१३ तारखेला सकाळी निघालो. दुपारी व्हॅलीत न जाता आधी ग्लेशियर पॉइंटला गेलो. हा पॉइंट ७,२१४ फुटांवर, गाडी अगदी जवळपर्यंत जाते, आणि हाफ डोम समोर असा उभा की हात लावावा. त्याच्या सपाट कड्यावर वरून खाली काळपट ओघळ आहेत. इथल्या मूळ रहिवाशांच्या कथेत ती टिसायाक, नवऱ्याशी भांडून दगड झालेली बाई, आणि ते ओघळ तिच्या आसवांचे. आपल्या अहिल्येची धाकटी बहीणच. त्याच्या थोडं अलीकडे वॉशबर्न पॉइंट लागतो, तिथून डोम कडेने दिसतो, आणि तिथे नवऱ्याने गाडीतून उतरून पाच मिनिटं बघितलं, मग म्हणाला, "इथूनच छान फोटो येतोय की. झालं."

कोणी हसलं नाही.

आदल्या दिवशी हा देखावा बघावा की नाही ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही. मला बरं वाटलं. डोंगर परका राहिला नाही.

करी व्हिलेजमध्ये प्रत्येक तंबूबाहेर लोखंडी पेटी असते. वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात ठेवायची, कारण अस्वलं. खाऊ तर ठेवलाच, शिवाय टूथपेस्ट, क्रीम आणि माझी खोबरेल तेलाची बाटली. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू आणि लसणाची चटणी असं आमचं सामान होतं. त्या वासाला अस्वल काय, अख्खी व्हॅली गोळा झाली असती. मैत्रिणीने चटणीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळला.

संध्याकाळी आईला फोन केला. तिकडे १४ तारीख उजाडली होती. ती म्हणाली, "आज पोळा. आणि अगं, अमावास्या आहे. आजच जायचं होतं का त्या सुळक्यावर?" मी म्हटलं, आई, तारीख सरकारने दिलीय. ह्यावर तिला काही बोलता आलं नाही.

पहाटे तीनला उठलो. अमावास्येमुळे चांदण्या अशा दिसत होत्या की चौघंही मिनिटभर नुसते वर बघत उभे. बस सकाळी सातशिवाय सुरू होत नाही, म्हणून वाट जिथून सुरू होते त्या हॅपी आइल्सपर्यंतचा पाऊण-एक मैल चालतच जावं लागतं. हा मैल कुठल्याच आकड्यात धरलेला नसतो, आणि संध्याकाळी परतही चालायचा असतो. चार वाजता पाटीपाशी पोचलो.

पहिला टप्पा डांबरी आणि चढाचा. पाऊण मैलावर लाकडी पूल, तिथे शौचालय आणि नळाचं पाणी. हे शेवटचं शुद्ध पाणी. शौचालयं त्यापुढे व्हर्नल धबधब्याच्या वर, नेवाडा धबधब्याच्या माथ्याजवळ आणि लिटल योसेमिटी व्हॅलीत. तिथून पुढे काहीही नाही. बायकांनी हे पाठ करून ठेवावं. पुढच्यासाठी झिपची पिशवी बरोबर हवी, वापरलेला कागद त्यातूनच परत आणायचा.

पुलानंतर मिस्ट ट्रेल. ग्रॅनाइटच्या सहाशेहून जास्त पायऱ्या, ओबडधोबड, काही माझ्या गुडघ्याइतक्या उंच. अंधारात डाव्या हाताला ३१७ फुटांचा व्हर्नल फॉल नुसता ऐकू येत होता. सप्टेंबर असल्याने भिजलो नाही, थोडे तुषार तोंडावर आले एवढंच. वर पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. मग ५९४ फुटांचा नेवाडा फॉल, त्याच्या कडेने दगडी वळणं. सव्वासातला माथ्यावर. तिथे बसून पुऱ्या खाल्ल्या.

नेवाडानंतर लिटल योसेमिटी व्हॅली लागते. मोठमोठी झाडं, वाळूची सपाट वाट, शेजारी मर्सेड नदी. मला वाटलं, झालं की अर्धं. इथे प्रत्येकाने चार लिटरची भरती केली, फिल्टर लावून, अर्धा तास गेला. भाचा कंटाळला होता पण मी ऐकलं नाही, कारण पुढे भरवशाचं पाणी नाही. त्यानंतरचा जंगलातला चढ लिहिण्यासारखा नाही. झाडं, माती, झाडं, वळण, झाडं.

पावणेअकराला सब-डोमच्या पायथ्याशी. इथे रेंजर बाई परमिट बघायला उभी. इथपर्यंत कोणीही येऊ शकतं. परमिट लागतं ते इथून वर. विनापरमिट गेलात तर दंड पाच हजार डॉलरपर्यंत, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. माझ्या मनात भलतीच धाकधूक. माझ्या लायसन्सवर नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र जोडून छापलंय, आपल्याकडच्या अर्ध्या बायकांचं असतं तसं, आणि अर्जात मी नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकलं होतं. रात्री मी त्याची दोनदा काळजी केली होती. तिने लायसन्स बघितलं, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी किती उरलंय?" तेवढंच. मग आकाशाकडे बोट करून सांगितलं की ढग जमायला लागले तर जिथे असाल तिथून मागे फिरा. ओल्या कातळावर किंवा विजा असताना त्या केबलवर थांबायचं नाही. त्या दिवशी आभाळ कोरं होतं. परमिट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदावरही छापा, तिथे सिग्नलचा भरवसा नाही.

सब-डोम म्हणजे मुख्य डोमच्या आधीचा खांदा. ह्याच्याबद्दल मला कोणी नीट बजावलं नव्हतं. कातळात बसवलेल्या अरुंद पायऱ्या, उलटसुलट वळणं, कडेला कठडा नाही. केंजळगडाच्या कोरीव पायऱ्या आठवल्या, पण तिथे बाजूला आधाराला कातळ तरी आहे. शेवटी पायऱ्याही संपतात आणि नुसत्या तिरक्या दगडावरून चालायचं. मी अर्ध्या ठिकाणी हात टेकले. लाज वाटली नाही.

खांद्यावर पोचलं की समोर केबल दिसतात. फोटोत दिसतात त्याहून उभ्या. सगळेच असं म्हणतात आणि सगळ्यांचंच खरं आहे. राखाडी भिंतीवर दोन बारीक रेघा आणि त्यांच्यात रंगीत मुंग्या. नवऱ्याने पाठपिशवी काढून खाली ठेवली. "मी इथेच बसतो." मी काही म्हणायच्या आत पुढे म्हणाला, "समजूत काढू नकोस. मला इथवर यायचं होतं, आलो."

मी समजूत काढली नाही. काढली असती तर माझीच हिंमत गेली असती.

केबलचं काम असं आहे: दोन जाड पोलादी दोर, हात पसरून दोन्ही धरता येतील एवढ्या अंतरावर. दर दहाएक फुटांवर खांबांची जोडी, आणि प्रत्येक जोडीच्या पायाशी एक आडवी लाकडी फळी. फळीवर उभं राहायचं, दम घ्यायचा, पुढच्या फळीपर्यंत हातांनी ओढत आणि बुटांनी रेटत जायचं. वर जाणारे आणि खाली येणारे त्याच दोन दोरांच्या मधून. एकोणिसाव्या शतकात व्हिटनी नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की ह्या माथ्यावर माणसाचं पाऊल कधी पडणार नाही. १८७५ साली जॉर्ज अँडरसनने कातळात भोकं पाडून, खिळे ठोकत ठोकत जाऊन दाखवलं. केबल पहिल्यांदा लावली १९१९ मध्ये, सिएरा क्लब ह्या निसर्गप्रेमींच्या संस्थेने.

भाच्याच्या आग्रहाखातर मी कमरेला हार्नेस घातला होता, साठ डॉलरचा, दोन कड्यांचा. दर खांबापाशी एक कडी सोडवून पलीकडे अडकवायची. पडलो तर ते कितपत वाचवेल ह्याची मला खात्री नव्हती आणि नाही. पण थांबल्यावर हात सैल सोडता येत होते, त्याचा उपयोग झाला.

पहिल्या दहा फळ्या चांगल्या गेल्या. कातळावर हजारो बुटांनी मधोमध आरशासारखा पट्टा झालाय. तो टाळून किंचित कडेने पाय ठेवला की बूट धरतो, हे पाचव्या फळीला कळलं. मग वर कोंडी झाली. वरून सहा-सात जण उतरत होते आणि माझ्या पुढची मुलगी तिच्या फळीवर खिळली होती. तिची डावी पोटरी शिलाई मशीनच्या सुईसारखी थरथरत होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होती, दोन फुटांवर. मी आधारासाठी दोर सोडून बाजूचा खांब धरला, तर खांब भोकातून दोन बोटं वर उचलला गेला. ते खांब भोकांत नुसते उभे केलेले असतात, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगते: खांब धरू नका, दोर धरा.

तिथे बारा-तेरा मिनिटं थांबलो असू. उंचीची भीती वाटली का? खरं सांगायचं तर उंची मला दिसलीच नाही. मला ती पोटरी दिसत होती, फळीची झिजून मऊ पडलेली कड दिसत होती, आणि हातमोज्याच्या आतला घाम कळत होता. मागून भाचा म्हणाला, "मावशी, लिमलेटची गोळी खाणार?" त्या भिंतीवर लटकून मी लिमलेटची गोळी खाल्ली. मग रस्ता सुटला. फळ्या मोजत होते, तिशीनंतर आकडा हरवला, आणि एका क्षणी उतार एकदम मवाळ होऊन दोर गुडघ्यांपाशी आले. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वर चांगलं मोठं पठार आहे, क्रिकेटची मैदानं मावतील एवढं. समोर क्लाउड्स रेस्ट शिखर, खाली टेनाया खोरं, पश्चिमेला एल कॅपिटनचा कडा. आदल्या दिवशी जिथे उभे होतो तो ग्लेशियर पॉइंट आता खाली होता. कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून मी डोकं बाहेर काढलं, तीन सेकंद. पुरे झालं. एका खारीने मैत्रिणीच्या पिशवीची चेन उघडी बघून लाडू लांबवला. वर सिग्नल मिळाला. भारतात मध्यरात्र उलटून गेलेली, म्हणून फोन न करता आईला फोटो पाठवला. चाळीस मिनिटांनी निघालो.

उतरताना मी दगडाकडे तोंड करून, शिडी उतरतात तशी, उलटी आले. दीड वाजता खांद्यावर पोचलो तर नवरा टोपी तोंडावर घेऊन झोपला होता.

इथे बहुतेकांचे लेख संपतात. माझी मोहीम इथून सुरू झाली.

सब-डोमच्या पायऱ्या उतरताना उजवा गुडघा पहिल्यांदा बोलला. जंगलात शिरल्यावर ओरडायला लागला. मी दर पावलाला आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा, अशी लग्नातल्या वरमाईसारखी चालत होते. लिटल योसेमिटीला चार वाजले, पुन्हा पाणी गाळून घेतलं. नेवाडाच्या माथ्यावर पाच. तिथून मिस्ट ट्रेलच्या पायऱ्या उतरणं मला शक्य नव्हतं, म्हणून जॉन म्यूर ट्रेलने गेलो. तो मैलभराने लांब पडतो पण पायऱ्या नाहीत, वळणावळणाचा उतार आहे. गुडघे धड असले तरी ह्याच वाटेने उतरा असं मी म्हणेन. वाटेत एका वळणावरून मागे डोम दिसतो, संध्याकाळच्या उन्हात केशरी झालेला. भाचा फोटो काढत होता. मी त्याच्याकडे पाठ करून दगडावर बसून बूट सैल करत होते, कारण बोटांची नखं पुढे आदळून आदळून ठणकत होती. (निघायच्या आदल्या दिवशी नखं बारीक कापा आणि उताराला लागण्यापूर्वी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळा. हे दोन्ही मला नंतर कळलं.)

सात वाजता सूर्य गेला. साडेसातला पुन्हा हेडलॅम्प. शेवटचा डांबरी उतार तर इतका तीव्र की तिथे मी पाठमोरी चालले, नवऱ्याचा हात धरून. हॅपी आइल्सला साडेआठ, तंबूपाशी नऊ वाजून गेलेले. पार्कवाले दहा-बारा तास धरायला सांगतात, आम्हाला सतरा लागले. ज्यांना आमच्याइतकाच वेळ लागेल अशी शंका आहे त्यांनी खुशाल जावं, पण हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या घेऊन.

पेटीतून उरलेल्या पुऱ्या काढल्या आणि तंबूच्या पायरीवर बसून खाल्ल्या. मघाशी आईचा निरोप येऊन पडला होता, तो तेव्हा दिसला. "फोटो मिळाला. वर गेलीस ते कळलं. खाली आलीस का?"

पाच दिवसांनी गणपती होते. दर वर्षी पूजेला आम्ही दोघं पाटावर बसतो. ह्या वर्षी नवरा पाटावर आणि मी शेजारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून. अंगठ्याची दोन्ही नखं काळी पडली होती, ती डिसेंबरात गळून नवी आली. फिजिओची पुढची वेळ मी आरतीच्या आधीच घेऊन टाकली होती.